काल सुट्टी होती, हे पेपर आला नाही तेव्हा कळलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असा तपशील वगळून):

वय 60. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयातून निवृत्त. सिंहगड रस्त्याला सोसायटीत राहतात. पत्नी गृहिणी. मुलगा हिंजवडीत आयटीत. तो, सून आणि दुसरीतली नात वाकडला असतात. नोकरीत असताना पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी आली की ती टेबलाच्या काचेखाली सरकवायची, जोडून येणाऱ्या तारखांवर लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि रविवारी गेलेल्या सुट्ट्यांवर सगळ्या सेक्शनने मिळून हळहळायचं, असा दरवर्षीचा रिवाज. निवृत्त होताना 300 दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती, तिचे पैसे मिळाले. आता कॅलेंडर भिंतीवर असतं, पण तिकडे नजर जात नाही; या दिवसांचा ‘अर्थ गेला’, असं लिहितात. “यंदा 26 जानेवारीला उठलो, चहा घेतला, फिरून आलो, दुपारी झोपलो. सोसायटीत झेंडावंदन होतं, गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला नाही म्हणून पेपरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘काका, काल सुट्टी नव्हती का!’ तेव्हा मनाला लागलं.” मुलगा त्या शनिवार-रविवार-सोमवारी अलिबागला गेला, आई-वडिलांकडे फिरकला नाही, हेही लागलं. पत्नी म्हणते, “तुम्हाला काय, रोजच रविवार.” विचारतात: माझं काही बिघडलंय का? मुलाचं मनावर घ्यायचं का? ओळखीच्या एका सी.ए.नी ऑफिसात येऊन बसा म्हटलंय, जाऊ का?

---

नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं देतेच, पण पत्रात चौथाही एक प्रश्न आहे. तो तुम्ही विचारलेला नाही. तिकडे मधे कुठेतरी वळेन.

बिघडलेलं काही नाही. पत्र इतकं नेटकं, तारीखवार आणि मुद्देसूद आहे की कागदावर जावक क्रमांक तेवढा टाकायचा राहिलाय. ज्याचं बिघडतं तो पेपरवाल्याचं बोलणं असं हसत-कुढत शब्दशः लिहून पाठवत नाही. वार विसरणं निवृत्तांमध्ये सर्रास असतं. वार लक्षात ठेवायचं काम इतकी वर्षं मस्टर करत होतं, ते आता आपल्याला करावं लागतं आणि सवय नसते.

पण एका गोष्टीपाशी मला थांबायचंय. 300 दिवसांची रजा शिल्लक टाकली, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. अभिमान असू द्या, रक्कमही बरी आली असेल. मला प्रश्न असा पडला की सुट्ट्यांवर लाल पेन्सिलीने खुणा करणाऱ्या माणसाने हक्काची रजा का नाही घेतली? किरकोळ रजा आठ दिवसांची, ती बहुतेक मुलांच्या ॲडमिशनला आणि लग्नकार्याला गेली असणार. अर्जित रजा तर दरसाल साठतच होती.

मला वाटतं, रजा घ्यायची म्हणजे अर्ज लिहायचा, साहेबांच्या कपाळावरची आठी बघायची, शेजारच्या टेबलाला ‘दोन दिवस माझं बघ रे’ म्हणायचं आणि परत आल्यावर ढीग उपसायचा. लाल तारखेला हे काहीच नव्हतं. साहेब घरी, शिपाई घरी, काउंटरपलीकडचा अर्जदारही घरी. तुम्ही लोळत पडलात म्हणून कुणाची फाइल अडली नाही. गोडी होती ती सगळ्यांनी एकदम थांबण्यात, आणि त्यामुळे मनाला टोचणी नसण्यात.

आता उलटं झालंय. सकाळी साडेनऊला तुम्ही गॅलरीत मोकळे, आणि खाली सिंहगड रस्त्यावरून अख्खं पुणं हॉर्न वाजवत कामाला चाललंय. तुमचं हे मोकळेपण एकट्यानेच काढलेल्या रजेसारखं आहे, आणि अशी रजा तुम्हाला कधीच आवडली नव्हती. 300 दिवस त्याचीच साक्ष देतात. म्हणून ‘रोजच रविवार’ हे वाक्य चुकीच्या जागी टोचतं. रविवार आहे, पण सोबतीला कोणी नाही.

सगळ्यांनी एकाच दिवशी थांबावं यासाठी आपल्याकडे माणसं भांडली आहेत. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी 1884 पासून सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. मागणी सगळ्यांसाठी एकाच वाराची होती. ज्याने त्याने सवडीने एखादा दिवस घरी बसावं, असं त्यात नव्हतं.

सरकारी यादीचं मूळ मात्र फारच रूक्ष आहे. तुम्हाला ती अधिसूचना पाठ असेल: परक्राम्य संलेख अधिनियम 1881 (हुंडी-वचनचिठ्ठ्यांचा कायदा), कलम 25. तिथे सणाचा, आनंदाचा विषयच नाही. वचनचिठ्ठीची किंवा हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरायचं, एवढंच त्याचं म्हणणं. तुमच्या काचेखालची यादी मुळात देण्याघेण्याच्या हिशोबातून आलेली होती. तुमचं देणंघेणं संपलं, मग तिचा जोर ओसरला यात नवल काय?

आता जरा खटकेल असं विचारते. या दिवसांचा ‘अर्थ गेला’ असं तुम्ही लिहिलंय. होता का तो? 2 ऑक्टोबरला काचेखालच्या यादीत गांधीजी किती होते आणि ‘शुक्रवार आलाय, जोडून घेऊ’ हे किती होतं? महाराष्ट्र 1 मे 1960 ला झाला; त्याआधी त्यासाठी माणसांनी गोळ्या खाल्ल्या. बहुतेक ऑफिसांत त्या दिवसाची चर्चा दापोलीच्या बुकिंगपलीकडे जात नाही. झेंडावंदनाला तुम्ही दरवर्षी जात होतात, पण तिथे हजेरी होती. यंदा हजेरी नव्हती आणि तुम्ही गेला नाहीत. दोष देत नाहीये. एवढंच म्हणतेय की जे गेलं त्याला त्याच्या नावाने हाक मारू. गेली ती ऑफिसपासूनची सुटका. प्रजासत्ताक दिन होता तिथेच आहे, आणि त्याच्याकडे बिनहजेरीचं बघायची वेळ तुम्हाला पहिल्यांदाच मिळाली आहे.

यादीतल्या चोवीसेक तारखांना अर्थ चिकटवत बसू नका, तो नवा ओव्हरटाइम होईल. दोन-तीन निवडा. एप्रिलमध्ये 11 आणि 14 या दोन जयंत्या पाठोपाठ येतात. गंज पेठेतला फुले वाडा तुमच्यापासून किती लांब आहे? पुण्यात जन्म काढलेली कितीतरी माणसं तिथे एकदाही गेलेली नाहीत. 1 मेच्या आसपास टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला चालू असते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला संध्याकाळची असते, त्यामुळे श्रोत्यांत नोकरीवाले आणि निवृत्त शेजारी-शेजारी बसलेले असतात. तुम्हाला नेमकी हीच शेजारसोबत हवी आहे. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. सुट्टीच्या दिवशी तिथे फुलांपेक्षा मोबाइल जास्त दिसतात, तेव्हा त्यातला कामाचा वार गाठा.

तोच न्याय सिंहगडाला. लाल तारखेला घाटात गाड्यांची रांग लागते. बुधवारी जा, पिठलं-भाकरी वाढणाऱ्या मावशी निवांत गप्पासुद्धा मारतील. एसटीचं अर्धं तिकीट मात्र 65 व्या वर्षी सुरू होतं, त्याला तुम्हाला अजून पाच वर्षं आहेत.

आता तो चौथा प्रश्न. तुमच्या घरातलं दुसरं माणूस अजून नोकरीत आहे.

तुमच्या सुट्टीच्या दिवशी घरात काय व्हायचं ते आठवून बघा. आठला पोहे, तेही ‘जरा खोबरं-कोथिंबीर घालून’. दहाला दुसरा चहा. अकराला मित्र टपकले की त्यांचा तिसरा. जेवण रोजच्यापेक्षा साग्रसंगीत, कारण आज सगळे घरी. मग भांड्यांचा डोंगर, कारण सुट्टीला नेमकी बाई येत नाही. चारला ‘काहीतरी चटपटीत कर ना’. त्या यादीतल्या प्रत्येक लाल तारखेला तुमच्या घरात एक जण जादा पाळी करत होतं. ‘तुम्हाला काय, रोजच रविवार’ या वाक्याला तुम्ही टोमणा समजलात. मला त्यात तक्रार ऐकू येते. तुमचा रोजचा रविवार म्हणजे त्यांची रोजची जादा पाळी असेल, तर ते वाक्य हसत म्हणणं हा त्यांचा मोठेपणा आहे.

तेव्हा माझा मुख्य सल्ला इथे आहे. सुट्टी काम असलेल्या ठिकाणीच लागू होते, आणि तुमच्या घरात काम कुठे आहे ते आता दिसतंय. आठवड्यातला एक वार ठरवा, गुरुवार म्हणा. त्या दिवशी त्यांचं स्वयंपाकघर बंद. चहा तुम्ही करायचा, खिचडी तुम्ही लावायची. येत नसेल तर शिका, कुकरच्या शिट्ट्या मोजणं फार अवघड नाही. संध्याकाळी बाहेर जेवायचं असेल तर कामाच्या दिवशी पुण्यात टेबलासाठी नाव लिहून ताटकळावं लागत नाही. एक पथ्य पाळा: दर दहा मिनिटांनी ‘हिंग कुठाय, जिरं कुठाय’ विचारायचं नाही, नाहीतर ती सुट्टी कागदोपत्रीच राहील. पहिले दोन-तीन गुरुवार त्या अस्वस्थ होतील, ओटा पुन्हा पुसतील. करू द्या. कोणीतरी काम थांबवलंय आणि आपण त्याच्यासोबत बसलोय, ही चव तुम्हाला तिथे परत मिळण्याचा संभव दाट आहे.

नोकरी करून निवृत्त झालेल्या बायका हे वाचत असतील, तर त्यांना हा सगळा प्रकार उलटा वाटेल. त्यांना सुट्टी म्हणजे साठलेले कपडे, डबे घासणं, दळण, फराळ. त्यातल्या कितीतरी जणी म्हणतात की निवृत्तीनंतरच सुट्टी काय असते ते कळलं. त्यांनी तो गुरुवार हक्काने मागून घ्यावा.

मुलाकडे वळू. तुम्हाला वर्षाला चोवीसच्या आसपास सार्वजनिक सुट्ट्या होत्या. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला, त्यामुळे शेवटची वर्षं सगळे शनिवारही मिळाले. मुलगा खासगी कंपनीत. तिथे 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार भरपगारी सणाच्या सुट्ट्या किमान आठ: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि उरलेल्या चार आपसात ठरवायच्या. काही कंपन्या जास्त देतात, पण क्लायंट परदेशातला असेल तर आपल्या सणाला त्याचा कॉल चुकत नाही. वाकड ते हिंजवडीची रोजची कोंडी सोसणाऱ्या माणसाला जोडून तीन दिवस मिळाले आणि तो बायको-मुलीला घेऊन अलिबागला गेला. लाल पेन्सिलीने तुम्हीही हेच करत होतात. तुमच्या त्या जोडून घेतलेल्या सुट्ट्यांमध्ये तुमचे आई-वडील किती वेळा होते?

असं म्हणून तुमचं दुखणं मी उडवून लावत नाही. मुलाने येऊन जावं असं वाटणारच. फक्त त्यासाठी जोडून आलेल्या सुट्टीवर डोळा ठेवू नका, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री ‘येताय ना?’ असा फोन करू नका, त्यात मुलाला हजेरीपत्रक दिसतं. 2026 मध्ये 15 ऑगस्ट शनिवारी आहे. तुमच्या सेक्शनने हळहळ केली असती असा दिवस, पण तुम्हाला सोयीचा, कारण ज्यांना शनिवारी तशीही सुट्टी असते त्यांचं त्या दिवशी जोडून काहीच लांबत नाही. आत्ता विचारून ठेवा. आणि ‘आमच्याकडे या’ ऐवजी ‘आम्ही तिकडे येतो, जेवण घेऊन येतो’ म्हटलंत तर सूनबाईंची त्या दिवसाची जादा पाळीही वाचेल.

पण तुमच्या कॅलेंडरावर खरी खूण करायची ती वेगळ्याच तारखांची. नातीच्या शाळेची सुट्ट्यांची यादी मागवून घ्या. शाळेच्या सुट्ट्या आणि आयटीच्या सुट्ट्या जुळत नाहीत. दिवाळीची शाळेची सुट्टी लांबलचक, आई-बाबांची दोन-तीन दिवसांची. नाताळ, मे महिना, परीक्षा संपल्यावरचा आठवडा, मध्येच कुठलीतरी स्थानिक सुट्टी: मुलगी मोकळी आणि घरात कोणी नाही, असे कितीतरी दिवस निघतील. त्यांवर फिरवा लाल पेन्सिल. त्या दिवशी दोघं मोकळे असता, तुम्ही आणि ती. तिला सिंहगड रस्त्याला आणा, पर्वती चढवा, सारसबागेत न्या. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढा वार टाळा. एक मात्र आधीच स्पष्ट करून घ्या: यादी बघून आपण ठरवलेले दिवस आपले, बाकी दिवशी ऐनवेळी ‘बाबा, जरा येता का’ आलं तर नाही म्हणायची मुभा. नाहीतर तुमचं पाळणाघर होईल आणि सहा महिन्यांनी तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

रोजच्या दिवसांनाही थोडा आकार लागतो. बँक, पासबुक, लाइटबिल, दवाखाना, सोसायटीच्या तक्रारी ही कामं कामाच्या वारीच करायची, आणि रविवारी यातलं एकही नाही, सवड असली तरी नाही. एखादा संघ, वाचनालय, टेकडीवरचा ग्रुप, काहीही चालेल, पण ठरलेल्या वारी असं असावं की आपण गेलो नाही तर कोणीतरी ‘काल दिसला नाहीत?’ विचारेल. पेपरवाल्याने विचारलं ते लागलं. असं दुसऱ्या कोणी विचारलं तर बरं वाटेल.

आणि एक अवघड दिवस आहे, ज्याच्याबद्दल लोक बोलत नाहीत: जोडसुट्टीचा मधला दिवस. सोसायटी रिकामी, हास्यक्लब बंद, पोरंबाळं बाहेरगावी. त्या दिवशी ज्यांना सुट्टीच नाही अशांकडे बघा. तुमच्याच इमारतीत एखाद्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि त्यांची मुलगी किंवा सून महिनोन्महिने दोन तास बाहेर पडलेली नसेल. ‘मी दुपारी दोन ते पाच बाबांजवळ बसतो, तुम्ही जाऊन या’ एवढंच म्हणायचं. सोबत पेपर न्यायचा, रेडिओ लावायचा, औषधाची वेळ आधी विचारून घ्यायची. यात समाजसेवेचा आव नको. तुम्हाला सोबत हवी आहे, त्यांना सुट्टी हवी आहे, सरळ व्यवहार आहे.

पहिल्या प्रश्नाला एक पुरवणी जोडते, तुमच्यासाठी कमी आणि तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी जास्त. सगळे दिवस सारखे वाटणं वेगळं आणि कशातच मन न लागणं वेगळं. दोनेक आठवडे सलग झोप नीट लागत नसेल, जेवण जात नसेल, आवडीची गोष्टही नकोशी वाटत असेल, तर फॅमिली डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक कुठल्याही वेळी लागतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे, पेन्शनपासून एकटेपणापर्यंत काहीही विचारा. वार चुकणं ठीक, पण महिना-साल चुकायला लागलं, नेहमीचा रस्ता सापडेना झाला, तर ‘वयाचं आहे’ म्हणून सोडू नये, तपासून घ्यावं.

राहिला सी.ए.चा प्रश्न. पैशांची गरज असेल तर जा, त्याला दुसरं कारण लागत नाही. पण तसं पत्रात दिसत नाही. पत्रावरून वाटतं की पुन्हा ऑफिस लागलं तर सुट्टी पुन्हा गोड लागेल, असा हिशोब आहे. तो चुकेल, कारण सी.ए.च्या ऑफिसात जुलैअखेरीपर्यंत रिटर्नची धांदल आणि पाठोपाठ ऑडिटची, त्या काळात तिथे रविवारही शिल्लक नसतो. 15 ऑगस्टला तुम्ही झेंड्याऐवजी फॉर्म बघत बसाल. काम आवडतं, माणसांत राहायचंय म्हणून जायचं असेल तर आठवड्याचे तीन दिवस, दहा ते एक, एवढंच कबूल करा. गुरुवार त्यातून वगळा आणि नातीच्या यादीतले दिवसही आधीच सांगा. तीन महिने करून बघतो म्हणा, म्हणजे दोघांनाही मोकळीक राहील. मान्य नसेल त्यांना, तर सरळ नाही म्हणा. मात्र काय ते या आठवड्यातच कळवा. भल्या माणसाने विचारलंय, त्यांनाही दुसरं कोणी बघायचं असेल.